वाचकांचे प्रश्न : क्योटोच्या गर्दीपासून अर्ध्या तासावर

प्रश्न : आम्ही उभयता आणि माझी मोठी बहीण नोव्हेंबरच्या अखेरीस जपानला जात आहोत. मुक्काम क्योटोत आहे. त्या दिवसांत तेथील प्रसिद्ध मंदिरांत पाय ठेवायला जागा नसते, असे जाऊन आलेले सगळेच सांगतात. म्हणून एक दिवस जवळच्या एखाद्या शांत, जुन्या गावासाठी राखून ठेवावा असा विचार आहे. सहलीची आखणी करून देणाऱ्यांनी उजी सुचवले आहे. आपले मत काय?

उत्तर : उजी पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. १०५३ साली उभारलेला तेथील ब्योदोइन या बौद्ध मंदिराचा फिनिक्स मंडप दहा येनच्या नाण्यावर आहे आणि उजीचा चहा जपानभर नावाजलेला आहे. परंतु नेमक्या याच कारणांमुळे क्योटोतील गर्दीचा बराच भाग पुढे उजीलाच जातो. तो मंडप पाहायचाच असेल तर अवश्य जावे; मात्र शांतता हवी म्हणून जाणार असाल, तर उजीत आपली निराशा होण्याचा संभव अधिक आहे.

आपण सांगितलेल्या हेतूसाठी मी ओमी-हाचिमान सुचवीन. हे गाव शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या पूर्वेकडील अंगाला आहे आणि क्योटोहून जलद गाडीने सुमारे पस्तीस मिनिटांत तेथे पोहोचता येते. कागदोपत्री ते सुमारे ८० हजार वस्तीचे शहर आहे आणि रेल्वे स्थानकाबाहेरचे त्याचे पहिले दर्शन मुळीच रम्य नाही : मोटारींचे तळ, दुकानसंकुल, साध्या इमारती. जुने गाव तेथून उत्तरेला जवळजवळ दोन किलोमीटरवर, हाचिमान डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि रेल्वे त्याच्या अंगावरून न गेल्यामुळेच ते बरेचसे बचावले, असे मला वाटते.

या गावाचा जन्म १५८५ सालचा. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याचा भाचा हिदेत्सुगु याने डोंगरावर किल्ला बांधला, पायथ्याशी काटकोनात रस्ते आखले, शेजारच्या आझुचीतील व्यापाऱ्यांना आणून वसवले आणि किल्ल्याच्या खंदकाचे काम करणारा एक कालवा खणून तो बिवा सरोवराला जोडला. सरोवरातून जाणाऱ्या मालवाहू नौकांनी या गावात थांबूनच पुढे जावे, असा नियमही त्याने केला. दहाच वर्षांत, १५९५ साली, मामाची मर्जी फिरली. हिदेत्सुगुला कोया पर्वतावर सेप्पुकु, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावे लागले आणि किल्लाही मोडीत निघाला. गाव मात्र टिकले, कारण तोवर ते किल्ल्यावर नव्हे तर कालव्यावर जगू लागले होते. येथील व्यापारी मच्छरदाण्या, तातामी या जमिनीवर अंथरायच्या जाड चटयांचे वरचे आच्छादन असा माल घेऊन देशभर फिरत; आजही बिछान्यांसाठी प्रसिद्ध असलेली निशिकावा ही पेढी आपली सुरुवात १५६६ सालची सांगते आणि तिचे मूळ याच परिसरातले आहे. शिनमाची रस्त्यावर या व्यापाऱ्यांची काळसर लाकडी घरे आजही सलग ओळीने उभी आहेत आणि त्यांच्या कुंपणांवरून पाइन वृक्षांच्या फांद्या रस्त्याकडे झुकलेल्या दिसतात.

प्रश्न : आपण मागील एका अंकात ओमी-हाचिमानचा ओझरता उल्लेख केला होता. मी तेथील छायाचित्रे पाहिली. कालवा, विलो वृक्ष, पांढऱ्या भिंतींची कोठारे : हे सारे चित्रीकरणासाठी उभारलेल्या देखाव्यासारखे वाटते. तेथे खरोखर काही आहे, की केवळ पर्यटकांसाठी सजवलेले आहे?

उत्तर : ऐतिहासिक चित्रपटांचे आणि मालिकांचे चित्रीकरण तेथे खरोखरच होते, त्यामुळे आपल्याला तसे वाटणे साहजिक आहे. परंतु हा कालवा एके काळी बुजवला जाणार होता, हे कळल्यावर तो देखावा वाटेनासा होतो.

रस्ते आणि रेल्वे आल्यावर नौकावाहतूक थांबली आणि कालव्याचा उपयोग उरला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या दशकांत त्यात सांडपाणी येऊ लागले, तळाशी गाळ साचत गेला, उन्हाळ्यात दुर्गंधी आणि डास असह्य झाले. तेव्हा हा कालवा एकदाचा बुजवून टाका, अशी मागणी रहिवाशांमधूनच पुढे आली आणि तिच्यात वावगे काही नव्हते; ज्यांच्या घराच्या मागच्या दाराशी तो गाळ होता, त्यांना सौंदर्याची व्याख्याने कोणी द्यावीत? प्रांतिक शासनाने बुजवण्याची योजनाही आखली. १९७२ साली गावातील तरुण व्यावसायिकांच्या संघटनेने मात्र कालवा राखण्याचा ठराव केला. ‘कालवा बुजवला त्या क्षणापासून पश्चात्ताप सुरू होईल’ अशी त्यांची घोषणा होती. सुरुवातीला त्यांना पाठिंबा फारसा मिळाला नाही. तेव्हा १९७५ पासून ही मंडळी रविवारी स्वतःच चिखलात उतरून गाळ आणि कचरा उपसू लागली. आधी लोक काठावरून नुसते पाहत, पुढे हळूहळू त्यांतले काही मदतीला उतरू लागले आणि अखेरीस शासनाने बुजवण्याची योजना सोडून कालव्याच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. १९९१ साली जुन्या वस्तीला पारंपरिक वास्तुसमूहाचे राष्ट्रीय संरक्षण मिळाले आणि सांस्कृतिक भूदृश्ये जतन करण्याची नवी व्यवस्था देशात आली, तेव्हा तिच्याखाली २००६ साली निवडले गेलेले पहिले ठिकाण म्हणजे ओमी-हाचिमानचा पाणथळ परिसर.

तेव्हा सजावट म्हणाल तर ती आहे. पण ती तेथे राहणाऱ्यांनी, स्वतःसाठी, पर्यटक येण्याच्या आधी केलेली आहे. काठाच्या दगडी पायवाटेवरून चालताना घरांच्या मागच्या दारांपासून थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या पाहा. माल चढवण्या-उतरवण्यासाठी त्या बांधलेल्या आहेत आणि त्यांच्याकडे पाहिल्यावर गावाचे तोंड एके काळी रस्त्याकडे नसून पाण्याकडे होते, हे लगेच ध्यानात येते.

याच गावात विल्यम मेरेल व्होरिस हा अमेरिकन गृहस्थ १९०५ साली इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला. ख्रिस्ती धर्मप्रसारामुळे दोन वर्षांत त्याची नोकरी गेली, तरी तो गाव सोडून गेला नाही. वास्तुरचनेचे रीतसर शिक्षण नसताना त्याने वास्तुरचनेचा व्यवसाय उभा केला आणि ओसाकातील शिन्साइबाशीच्या दाइमारू दुकानासारख्या इमारती त्याच्या हातून घडल्या. १९४१ साली त्याने जपानी नागरिकत्व घेतले आणि १९६४ साली याच गावात त्याचा अंत झाला. १९२१ सालचे त्याचे टपाल कार्यालय व्यापाऱ्यांच्या घरांपासून थोड्याच अंतरावर आहे. ते चुकवू नये.

प्रश्न : प्रवासाची व्यवस्था कशी करावी? देशभराचा रेल्वे पास घ्यावा लागेल का? जपानी वाचता येत नाही.

उत्तर : केवळ या सहलीसाठी पास मुळीच घेऊ नये. २०२३च्या ऑक्टोबरपासून सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ५० हजार येन झाली आहे आणि क्योटो ते ओमी-हाचिमान हे एका वेळचे भाडे मात्र सातशे येनच्या आसपास आहे. इकोका या प्रवासकार्डात किंवा तत्सम कार्डात पैसे भरून ठेवावेत. फाटकावर ते टेकवले की तिकिटाचा प्रश्न मिटतो.

क्योटो स्थानकात बिवाको मार्गाच्या फलाटावर जावे आणि ‘शिन-काइसोकु’ म्हणजे विशेष जलद गाडी घ्यावी. तिला वेगळे अधिभार तिकीट लागत नाही. येथे दोन गोष्टींचा घोटाळा होऊ शकतो. पहिली : काही गाड्या यासु या स्थानकापर्यंतच जातात आणि ओमी-हाचिमान त्याच्या पुढे आहे, तसे झाल्यास यासुला उतरून मागून येणारी गाडी घ्यावी. दुसरी अधिक त्रासदायक आहे. क्योटोनंतर यामाशिना येथे मार्ग दोन दिशांना फुटतात आणि कोसेई मार्ग सरोवराच्या पश्चिम काठाने जातो. त्सुरुगा हे गाव दोन्ही मार्गांनी गाठता येते, म्हणून केवळ ‘त्सुरुगा’ हे नाव पाहून गाडीत बसू नये. ती माइबारावरून जाणारी आहे याची खात्री करावी. स्थानकांतील फलक रोमन लिपीतही असल्याने जपानी वाचता न येण्याची अडचण फारशी येत नाही.

स्थानकाच्या उत्तर दारातून चोमेइजीच्या दिशेची बस घेतली की काही मिनिटांत रोपवेच्या थांब्यावर उतरता येते. चालत अर्धा तास लागतो, पण तो रस्ता रुक्ष आहे. चालण्याची ताकद पुढच्यासाठी राखावी.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७४ आहे आणि गुडघे दुखतात. त्यांना हे गाव झेपेल का? नौकेत बसता येईल का?

उत्तर : क्योटोतील बऱ्याच मंदिरांपेक्षा हे गाव त्यांना सोपे जाईल, कारण जुनी वस्ती सपाट आहे आणि पाहण्याची ठिकाणे एकमेकांच्या जवळ आहेत. कालव्याकाठच्या पायवाटेवर उतरायला मात्र दगडी पायऱ्या आहेत. त्या टाळायच्या असतील तर पुलावर उभे राहूनही कालवा उत्तम दिसतो. डोंगरावर जाण्यास रोपवे आहे आणि तो चार मिनिटांत वर पोहोचवतो, परंतु वरच्या स्थानकापासून पुढे किल्ल्याच्या अवशेषांत चढउतार व पायऱ्या आहेत, याची कल्पना त्यांना आधी द्यावी. वर झुइर्यूजी हे मंदिर आहे. हिदेत्सुगुच्या आईने मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी ते क्योटोत स्थापन केले होते. विसाव्या शतकात ते मुलाच्याच किल्ल्याच्या जागी हलवण्यात आले. एवढी गोष्ट ठाऊक असली म्हणजे खालच्या काटकोनातल्या रस्त्यांकडे आणि पलीकडच्या सरोवराकडे पाहताना निव्वळ देखाव्यापेक्षा अधिक काही हाती लागते.

नौकाविहार दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची गल्लत अनेकांची होते. गावातील कालव्यात फिरणारी यांत्रिक नौका साधारण अर्ध्या तासात फेरी पूर्ण करते आणि पाय दुखणाऱ्यांना तीच सोयीची. दुसरी फेरी गावाबाहेर, निशिनोको या खाजणवजा तलावातील बोरूच्या रानातून होते; तेथे वल्ह्याने हाकलेल्या नौकाही आहेत आणि त्या फेरीला तासाहून अधिक वेळ लागतो. वल्ह्याच्या नौका साधारणतः एप्रिल ते नोव्हेंबर चालतात. दोन्हींत बसण्याची जागा बहुधा खाली, सपाट फळीवर असते. ज्यांना जमिनीवर बसून उठता येत नाही, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी नौका डोळ्यांनी पाहून घ्यावी.

माझ्या मते गुडघे चांगले असणाऱ्यांनी वल्ह्याची फेरीच निवडावी. नौका बोरूच्या अरुंद वाटांत शिरली की दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच पाती उभी राहतात, गावाचा आवाज तुटतो आणि वल्हे पाण्यातून बाहेर येताना ठिबकणारे थेंबही ऐकू येतात. हे रान आपोआप वाढलेले जंगल नाही. हिवाळ्यात बोरू कापतात, त्याचे पडदे आणि छपरे होतात आणि वसंताच्या तोंडाशी उरलेले खुंट जाळतात, म्हणजे नवे कोंब एकसारखे येतात. २००८ साली या तलावाचा रामसर या पाणथळ जागा जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातील क्षेत्रात समावेश झाला.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडीही खात नाही. लहान गावात जेवणाचे काय?

उत्तर : स्पष्टच सांगायचे तर येथे जेवण मिळेल असे गृहीत धरून जाऊ नये. हा प्रदेश ओमी गोमांसासाठी प्रसिद्ध आहे आणि भोजनगृहांच्या दारांवर त्याचेच फलक असतात. पण खरी अडचण ती नव्हे, कारण मांस दिसते आणि टाळता येते. अडचण ‘दाशी’ची आहे. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कात्रणांपासून काढलेले हे पाणी मिसो सूपमध्ये, सोबा शेवयांसोबतच्या रसात, शिजवलेल्या भाज्यांत आणि कित्येकदा तोफूवरही असते आणि ‘मांस नाही, मासा नाही’ असे सांगणारा वाढपी प्रामाणिकपणेच बोलत असतो, कारण त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हे. येथील विटकरी लाल रंगाचे कोन्याकु हे कंदापासून बनते आणि त्याचा रंग लोहाच्या संयुगाचा असतो, म्हणजे मुळात ते शाकाहारीच. परंतु ते शिजवतात मात्र बहुधा दाशीत.

मांस, मासे, अंडी आणि माशांपासून काढलेले पाणी यांपैकी काहीही चालत नाही, असे जपानीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. ते दाखवल्यावर नम्रपणे नकार मिळाला तर राग मानू नये. खोटे सांगून वाढण्यापेक्षा तो बरा. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे क्योटोतूनच शिदोरी घेणे. फळे आणि बरोबर आणलेले कोरडे पदार्थ एवढ्यावर एक दुपार सहज निभावते. खाणे बाकावर बसून करावे, चालता चालता नव्हे. कचराकुंड्या रस्त्यावर जवळजवळ नसतात, म्हणून आपला कचरा पिशवीत घालून परत न्यावा.

गोडाच्या बाबतीत मात्र आपले नशीब चांगले आहे. देच्ची योकान ही येथील पारंपरिक वडी लाल वाटाण्यासारख्या अझुकी डाळीचा गोळा, कणीक आणि साखर यांची असून बांबूच्या सालीत गुंडाळून वाफवतात. दुकानांत उमेदवारी करणारी मुले सुट्टीत घरी जाताना ती घेऊन जात, म्हणून तिला त्यांचे नाव पडले. ला कोलिना या गवताने झाकलेल्या छपराच्या मिठाईच्या दुकानात मिळणारा बाउमकुहेन हा केक अंड्यांचा असतो, त्यामुळे तो आपल्याला चालणार नाही. वास्तुरचनाकार तेरुनोबु फुजिमोरी यांनी उभारलेली आणि २०१५ साली उघडलेली ही इमारत बाहेरून पाहण्यासारखी आहे, पण शनिवार-रविवारी तेथे इतकी झुंबड असते की आपण क्योटो का सोडले असा प्रश्न पडावा. जायचेच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जावे.

प्रश्न : एक रात्र तेथेच राहावे का? आणि आठवड्याचा कोणता दिवस बरा?

उत्तर : सोमवार सोडून कोणताही. जुनी घरे, कौलांचे संग्रहालय यांसारखी ठिकाणे सोमवारी बंद असतात. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आल्यास ती उघडी राहून बहुधा दुसऱ्या दिवशी बंद राहतात. नोव्हेंबरमध्ये ३ आणि २३ या तारखा सुट्टीच्या आहेत, त्या पाहून दिवस ठरवावा.

राहण्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. बहुतेक लोक दहा-अकराला पोहोचतात आणि चारला निघतात, म्हणजे गाव सर्वांत गजबजलेले असते त्याच वेळात ते पाहतात. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य पाचच्या आधीच मावळतो आणि दुकानेही त्याच सुमारास मिटतात. यानंतर करण्यासारखे काहीही नसते. ज्यांना हे ‘काहीही नसणे’ हवे आहे त्यांनी रात्र काढावी आणि पहाटे कालव्यावर जावे. ज्यांना संध्याकाळी दिवे, दुकाने आणि चार माणसे लागतात त्यांनी साडेचारची गाडी धरावी. त्यात कमीपणा काही नाही. राहणार असाल तर मोठे सामान क्योटोच्या हॉटेलातच ठेवून एक लहान पिशवी न्यावी.

प्रश्न : लोकांच्या घरांची छायाचित्रे काढलेली चालतात का?

उत्तर : रस्त्यावरून दर्शनी भागाचे काढावे, उघड्या दारातून आत, खिडकीतून किंवा वाळत घातलेल्या कपड्यांसह काढू नये. शिनमाचीवरील घरांपैकी काही संग्रहालये असली तरी शेजारच्या घरात माणसे राहतात आणि दोन्हींची दारे सारखीच दिसतात. क्योटोच्या गिओन भागात खाजगी गल्ल्यांत शिरणाऱ्यांसाठी १० हजार येन दंडाचे फलक लावावे लागले, ते याच विवेकाच्या अभावामुळे. येथे तसे फलक नाहीत, म्हणून अधिक जपावे. वाटेत कोणी मान लववली तर आपणही लववावी, एवढे पुरते.

प्रश्न : आम्ही क्योटोला जाणारच नाही. टोकियोत काम आहे आणि परतीचे विमान नारिताहून रात्री आहे. तिकडे असे एखादे गाव आहे का?

उत्तर : आपल्यासाठी सावारा. चिबा प्रांतातील हे गाव नारिता स्थानकापासून स्थानिक गाडीने सुमारे अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे विमानाच्या दिवसासाठीच ते योग्य ठरते. ओनो नदीच्या दोन्ही काठांना जुनी व्यापारी घरे आहेत आणि १९९६ साली कांतो या टोकियोभोवतीच्या प्रदेशात पारंपरिक वास्तुसमूहाचे राष्ट्रीय संरक्षण मिळालेली ही पहिली वस्ती. २०११च्या भूकंपात येथील कौले आणि नदीचे काठ ढासळले होते, ते पुन्हा उभारलेले आहेत.

नदीकाठच्या एका घरात इनो तादाताका हा मद्यनिर्मितीचा व्यवसाय करणारा गृहस्थ राहत असे. वयाच्या पन्नाशीत व्यवसाय मुलाकडे सोपवून तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, खगोलशास्त्र शिकायला गेला आणि १८०० साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने जपानचा किनारा मोजायला सुरुवात केली. १८१८ साली तो वारला आणि त्याचा नकाशा शिष्यांनी १८२१ साली पुरा केला. समोरच्या संग्रहालयात त्याचे नकाशे पाहता येतात; सोमवारची सुट्टी येथेही ध्यानात ठेवावी. घराच्या दारातल्या पुलावरून एके काळी शेतीचे पाणी नदीपलीकडे नेत असत. आज दर अर्ध्या तासाने त्या पुलाच्या कडेतून पाणी नदीत कोसळते आणि तेवढ्यापुरती काठावर माणसे जमतात.

नारिताहून सावाराला जाणाऱ्या गाड्या दिवसा तासाला साधारण एकच असतात. तेव्हा सामान नारिता स्थानकातील लॉकरमध्ये ठेवावे, सावाराला उतरल्याबरोबर परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा टिपून घ्याव्यात आणि त्यांपैकी आधीची पकडण्याच्या बेताने फिरावे, म्हणजे ती चुकली तरी विमान चुकणार नाही.